गोचिडीची लाळ आणि एक वासरू

“बाई, जरा तोंड उघडा,” असे माझे एक सहकारी गोचिडीला म्हणत. दातांच्या डॉक्टरच्या अदबीने. रक्त पिऊन टपोरी झालेली गोचीड पट्टीवर उताणी चिकटवायची, तिच्या तोंडाशी केसासारखी काचेची नळी धरायची आणि लाळेचा थेंब येईपर्यंत बसून राहायचे, हे त्यांचे काम. प्रयोगशाळेत माझे टेबल त्यांच्या शेजारी होते. तेव्हा मी लिहितो ते ऐकीव नव्हे.

“अहो, निम्मे पुणे दुसऱ्याचे रक्त पिते. त्यांच्या तोंडाला नळी लावा की!” मी डिवचीत असे.

“निरुपयोगी,” ते मान वर न करता म्हणत. “हिच्या लाळेने रक्त वाहतं राहतं. त्यांच्या लाळेने आटतं.”

परवा सदाशिव पेठेत त्यांची शोकसभा झाली. एका वक्त्याने सांगितले, की खडकवासल्याजवळच्या गोठ्यात ते लाळेच्या थेंबासाठी दुपारभर बसले होते. असे हे गोचिडींचे वेडे! साफ खोटे. वक्ते तिथे नव्हते. मी होतो.

आम्ही गोचिडी गोळा करायला पोहोचण्यापूर्वीच गोठेवालीने वासराच्या कानांतल्या गोचिडी हातांनी उपटल्या होत्या. गोचीड दिवसचे दिवस एकाच जागी रक्त पिते. ते मध्येच गोठले तर तिची उपासमार. म्हणून तिची लाळ जखमेतले रक्त गोठूच देत नाही. गोचीड निघाली तरी लाळ मागे राहते. त्या वासराच्या कानांतून रक्त झिरपतच होते, आणि अंगात ते आधीच फारसे उरले नव्हते.

“सायेब, वाचंल का वो ह्ये?” गोठेवाली पुन्हा पुन्हा विचारी.

“मावशी, दाबून धरा. सोडून बघायचं नाही.” मग माझ्याकडे वळून, “अहो, तुम्हीसुद्धा. बोटं आहेत ना?”

आम्ही तिघे शेणात बसलो. त्यांना हवी तशी एक टपोरी गोचीड माझ्या पायाशी सरपटत होती.

“डबीत घेऊ?” मी विचारले.

“हात सोडावा लागेल. चिरडा तिला.”

आता सांगा, हा गोचिडींचा वेडा?

उन्हे कलली तेव्हा बहुतेक जखमांचे रक्त थांबले होते. वासरू धडपडत उठले आणि गाईच्या कासेकडे निघाले. हे गृहस्थ त्याच्या कानावरचे बोट न काढता, अवघडलेल्या पायांनी, कमरेत वाकून त्याच्याबरोबर चालत गेले. आणि वासरू पीत होते तोवर तसेच वाकून उभे राहिले.