तारेचं कडं

मंगळवारी दुपारी माझा नवरा गेला. तो बडोद्यात छाणीला आमच्या कारखान्यात होता, मी हरणीला घरी होते.

बाटल्या भरणाऱ्या मशीनचे कंट्रोलर आम्ही दोघं बनवत होतो. त्यात रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम असते. बाटली भरली की बाकी सगळं बाजूला ठेवून ठरल्या वेळेत झडप बंद झाली पाहिजे, एवढंच तिच्याकडून हवं असतं. म्हणून कोडचा कुठला भाग किती वेळ घेतो ते मोजावं लागतं. मी सुरुवातीची आणि शेवटची वेळ लॅपटॉपवर छापून घेई. पण छापायलाही वेळ लागतोच. त्याला हसू येई.

"अगं, तू वेळ मोजतेस की त्याची मुलाखत घेतेस?"

त्याची रीत निराळी. काम सुरू होताना चिपच्या एका मोकळ्या पिनवर वीज चढवायची, संपताना उतरवायची, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तो उंचवटा बघायचा. जितका रुंद, तितका वेळ. जुने उंचवटे तो पुसू देत नसे. एकावर एक साठू देई. "बाटली सरासरीने भरत नाही," म्हणे. "एकदा सांडली की सांडली." त्या पिनला प्रत्येक बोर्डावर तो तारेचं छोटं कडं सोल्डर करी, ऑसिलोस्कोपची चिमटी अडकवायला.

"गिऱ्हाइकाला या कड्याचा काय उपयोग?" मी एकदा विचारलं.

"त्याला नाही. नंतर जो उघडेल त्याला."

"नंतर मीच उघडणार आहे."

"मग तुला."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बाजव्याजवळ ते इंजिन ऑइल भरतात. "बेन, तमारुं मशीन तेल ढोळे छे. रोज नाही, कधीतरी." मशीन तेल सांडत होतं. शनिवारपर्यंत जमलं नाही तर ते दुसऱ्याचा कंट्रोलर बसवणार होते. तसं झालं असतं तर मला कारखाना बंद करावा लागला असता.

मी गेले. आधी माझ्या पद्धतीने मोजलं. आकडे ठीक होते, आणि तेल सांडतच होतं. मग चिमटी कड्यात अडकवली, उंचवटे साठू दिले आणि स्टुलावर बसून राहिले. सगळे एकाच रुंदीचे. ऑपरेटर चहा पिऊन आला, त्याने कंट्रोलरच्या डिस्प्लेची भाषा हिंदीवरून गुजराती केली, आणि पडद्यावर एक उंचवटा इतरांच्या कितीतरी पुढे गेला.

हिंदी अक्षरं डिस्प्लेत आधीच होती, गुजराती मात्र चित्रासारखी पाठवावी लागत. ती जाईपर्यंत झडपेचा निरोप त्याच वाटेवर अडकून राही. मी कोड बदलून चित्र तुकड्यातुकड्यांनी पाठवलं, मधे झडपेला वाट दिली. मग ऑपरेटरला पुन्हा पुन्हा भाषा बदलायला लावली. उंचवटे जागेवर राहिले, तेल सांडलं नाही.

मला वाटलं होतं, तिथे रडू येईल. आलं नाही. आपण जेवायला बसावं आणि ताटाशेजारी कुणी आधीच पाणी भरून ठेवलेलं असावं, तसं वाटलं.

मालक बघत उभे होते. "बेन, भाई शिखवाडी गया के तमे पहेलेथी ज हुशियार?"

"दोन्ही," मी म्हटलं. ते मोठ्याने हसले आणि चहा मागवला.

कारखाना चालू आहे. नव्या बोर्डांवर कडं मी लावते.