आठातले सहा लॅप

लेकीच्या किटबॅगमधून आज स्नायूंच्या मलमाचा उग्र वास आला आणि मी वीस वर्षांपूर्वीच्या बर्मिंगहॅममध्ये पोचले. युनिव्हर्सिटीची इनडोअर चॅम्पियनशिप, माइलची शर्यत, म्हणजे आठ लॅप. मेल्या कोचने बजावलं होतं, "सहा लॅप तू पुढे राहून आपल्या टीमच्या एमाला स्पीड दे, मग ट्रॅक सोड." मीच का, हे मी विचारलंसुद्धा नाही. सहा लॅप झाले तेव्हा मी पुढे होते, पायांत दम होता, तरी मुकाट्याने बाजूला झाले. एमा जिंकली.

लंडनच्या हॅरोहून मुद्दाम आलेले बाबा कळवळून म्हणाले, "अगं, थांबलीस का?"

"टीमसाठी, बाबा," मी हसून म्हणाले.

कोचचा राग येतोच, पण त्या हसण्याचा जास्त येतो. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे एवढंच छापलं होतं: शर्यत अर्धवट सोडली.