रविवारच्या दहा किका

"इंजिन उघडायचं नाही म्हटलं ना!"

"अहो ताई, मग काय फुंकर मारून दुरुस्त करू?"

"वरून पुसा. पेट्रोल घाला. चालू करा. आतून ती चांगली आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"आणि तुम्ही काय करता?"

"पँटी आखूड करते."

मिस्त्रीने हातातला पाना बाकावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, टक्कल खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. चाळीस वर्षांत त्याच्याकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली होती, पण गाडीबरोबर स्वतःचं स्टूल घेऊन आलेली ही पहिलीच. स्टूल, कापडी पिशवी, पिशवीत सात पँटी. मोटरसायकल आत ढकलली, स्टूल मांडलं आणि बाई दुमड घालायला बसल्यासुद्धा.

"मी गाडी पळवून नेणार आहे का?"

"मी असं म्हटलं का?"

"मग घरी जा की! संध्याकाळी या."

"इथे उजेड चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि चार टाचण्या ओठांत धरल्या. संवाद संपला.

सगळी गल्ली त्यांना टाचणीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. समोरच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ती गाडी. आखूड करणं, ढिलं करणं, चेन बदलणं, एवढंच काम घेत. नवं शिवत नसत. "नव्याला लोक सतरा चुका काढतात," त्या म्हणत. "जुनं दुरुस्त झालं की निदान गप्प बसतात." टाचण्यांचा एक फायदा असा, की तोंडात त्या असल्या की कुणी काही विचारत नाही. आणि टाचणीबाईंना विचारण्यासारखं गल्लीकडे एकच होतं, ते म्हणजे नवरा कधी येणार?

अकरा वर्षांपूर्वी तो दूरच्या बंदरावर क्रेन चालवायला गेला. दोन वर्षांचं काम. जायच्या आदल्या दिवशी त्याने पेट्रोल काढून टाकलं, गाडी स्टँडवर चढवली आणि बायकोला पडवीत बोलावलं. हा प्लग. हा पाना. प्लग काढायचा, थोडंसं तेल सोडायचं, प्लग लावायचा आणि किकवर सगळं अंग टाकायचं. "दर रविवारी दहा किका. इंजिन जाम होऊ द्यायचं नाही. मी आलो की एका किकमध्ये चालू झाली पाहिजे. एवढं कर माझ्यासाठी."

एवढं त्यांनी केलं. दोन वर्षं झाली, तीन झाली. पत्रं आटली, मग फोन आटले, आणि शेवटची सहा वर्षं तर नुसता शुकशुकाट. पण रविवार काही चुकला नाही. तापाने फणफणल्या असताना नाही, मनगट मुरगळलं तेव्हाही नाही. लेक लहान होती तेव्हा उंबऱ्यात बसून मोजायची, एक, दोन, तीन. तेराव्या वर्षी तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "यापुढे तूच मोज."

आणि गेल्या मंगळवारी फोन वाजला.

"मी येतोय. पुढच्या महिन्यात पाच तारखेला," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "गाडी आहे ना अजून?"

लेक आता एकोणीस वर्षांची, औषधाच्या दुकानात कामाला. ऐकल्यावर तिचा नुसता भडका उडाला. "मी कशी आहे विचारलं?"

"विचारेल आल्यावर."

"तू कशी आहेस विचारलं?"

"फोन खरखरत होता."

"गाडीचं विचारताना नव्हता वाटतं खरखरत!"

टाचणीबाईंनी वाद घातला नाही. त्यांना एकच दिसत होतं. तो येईल, किक मारील, आणि गाडी चालू होईल. मी शब्द पाळला, हे तोंडाने सांगायची पाळी येऊ नये. गाडीनेच सांगावं. म्हणून शनिवारी मायलेकींनी हवा गेलेली गाडी तीन गल्ल्या ढकलत इथे आणली. लेक सगळी वाट बडबडत होती, पण ढकलत होती.

तासाभराने मिस्त्री नरमाईने म्हणाला, "ताई, निदान तेल तरी बदलू द्या. खालचा बोल्ट काढतो. त्याला काही उघडणं म्हणत नाहीत."

बाईंनी मान डोलावली. मिस्त्रीने खाली डबा सरकवला आणि बोल्ट ढिला केला.

तेल आलं. येतच राहिलं. डबा भरला. त्याने पायाने बादली ओढली. बादलीचा तळ झाकला तरी धार चालूच. काळंकुट्ट, दाट यायला हवं होतं. हे पाण्यासारखं पातळ, फिकट. मिस्त्रीने बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"हे कसलं तेल?"

बाईंनी टाचण्या काढल्या. "मशीनचं."

"कसल्या मशीनचं?"

"शिलाई मशीनचं. घरात तेच असतं. दर रविवारी एक टोपणभर."

"दर रविवारी? अकरा वर्षं?"

"थोडंसं सोडत जा म्हणाले होते."

"अहो, सुरुवातीला एकदा! फार तर वर्षातून एकदा!"

"तसं बोलले नव्हते. मध्ये मध्ये खालून गळायचं. मी ट्रे ठेवला होता. म्हटलं, गळतंय म्हणजे पोचतंय."

मिस्त्री आधी गुडघ्यावर बसला, मग फरशीवरच फतकल मारून बसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "लोक डोळ्यात तेल घालून राखण करतात, ताई. तुम्ही इंजिनात घातलंत!"

टाचणीबाईंचे कान लाल झाले. "बिघडलं का काही?"

मिस्त्री उठला. प्लग काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग टोपी काढली, पण टक्कल खाजवलं नाही.

"दहा वर्षं उभ्या असलेल्या गाड्या येतात माझ्याकडे. हातोडीने ठोकून दट्ट्या बाहेर काढावा लागतो. हे बघा. आरशासारखं आहे. असं इंजिन मी जन्मात पाहिलं नाही." आणि मग आवाज बदलून, "कार्बोरेटर साफ करू ना, ताई? विचारून करतो."

"करा," बाई म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या टाचण्यांशिवाय शिवत होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस हाच क्रम. सकाळचं गिऱ्हाईक उरकलं की स्टूल घेऊन हजर. मिस्त्रीने टायर बदलले, टाकीतला गंज खडखडवून काढला, वायरी नव्या ओढल्या. बाई मध्येच विचारत, "हे कशासाठी?" आणि मिस्त्री सांगे, "तुमच्या मशीनला बॉबिन असते ना, तसं समजा." एकदा मिस्त्री मागचं चाक हाताने फिरवत असताना बाई मान वर न करता म्हणाल्या, "टाका सोडतंय." मिस्त्रीने पाहिलं तर साखळीची एक कडी आखडलेली.

"कान आहेत की काय!"

"तीस वर्षं मशीनवर बसले आहे. आवाज चुकला की सुई मोडते."

मग ठिणगी पाहायचा दिवस आला. मिस्त्रीने प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवला आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. नवा प्लग लावला. नवी वायर. ठिणगीचा पत्ता नाही.

"मॅग्नेटो बघावा लागेल," तो म्हणाला. "ठिणगी पाडणारं यंत्र. या डाव्या झाकणाच्या आत असतं."

चार स्क्रू सुटले. झाकण निघालं. मिस्त्रीने आत पाहिलं आणि झटकन झाकण परत टेकवलं.

"काय झालं?"

"काही नाही. कचरा आहे जरा. तुम्ही चहा घेऊन या ना कोपऱ्यावरून."

"मिस्त्री, दाखवा."

"ताई..."

"दाखवा म्हणते ना."

मॅग्नेटो असायचा तिथे मॅग्नेटो नव्हता. रिकाम्या जागेत कापडाचा बोळा कोंबलेला होता. टाचणीबाईंनी तो दोन बोटांनी ओढला, मांडीवर घेतला आणि हळूहळू उलगडला. तेलाने माखला होता तरी कडेला रंग ओळखू येत होता. पिवळ्यावर निळी बारीक चौकट.

हे कापड त्यांनी घरभर शोधलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, तो जायच्या आठवड्यात. लेकीच्या शाळेच्या फोटोसाठी फ्रॉक शिवत होत्या. कॉलरपुरता तुकडा कापून बाजूला ठेवला आणि तो गडपच झाला. शेवटी पांढरी कॉलर लावली. तो फोटो अजून मशीनच्या वर टांगलेला आहे, पिवळा फ्रॉक, पांढरी कॉलर.

"चोरीला गेला असेल हो," मिस्त्री म्हणाला. "या गाड्यांचे मॅग्नेटो हातोहात विकले जातात."

"चोर आत घरचं कापड कोंबून चारही स्क्रू परत लावून जातो?"

मिस्त्रीने झाकण बाकावर ठेवलं.

"म्हणजे ही चालू होणारच नव्हती. कितीही किका मारल्या तरी."

"तसं नाही, तुमच्या किकांनी इंजिन..."

"मिस्त्री. हो की नाही?"

"नव्हती," तो म्हणाला. आणि बाईंच्या चेहऱ्याकडे न पाहता, चुकचुकत, "पण एक सांगतो. आत धूळ जाऊ नये म्हणून कापड कोंबलंय. काही तरी कळकळ होती माणसाला."

"इंजिनाची होती," टाचणीबाई म्हणाल्या आणि तो तुकडा घडी करून पिशवीत ठेवला.

संध्याकाळी लेकीने सगळं ऐकून घेतलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती आईच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "भंगारात टाक, आई. आणि त्याला येऊ नको म्हणून कळव."

"नाही. मिस्त्रीला दुसरा मॅग्नेटो बसवायला सांगितलंय."

"कशाला? अजून शब्द पाळायचाच आहे?"

"माझा पाळून झाला. आता त्याचा ऐकायचाय." टाचणीबाईंनी दिव्याखाली सुईत दोरा ओवला. "गरज असेल पडली. विकून खाल्लं असेल. तेव्हा सांगायची लाज वाटली असेल. गाडी चालू झालेली बघेल ना, तेव्हा सांगेल. आपणहून."

"आणि सांगितलं तर?"

"तर घरी आणीन. जेवायला वाढीन. पुढचं पुढे."

"आणि नाही सांगितलं तर?"

टाचणीबाईंनी चार टाचण्या ओठांत धरल्या.

पाच तारखेला तो थेट गॅरेजवर आला. तसंच ठरलं होतं. केस पांढरे, पोट सुटलेलं, अंगात घडी न मोडलेला शर्ट. बाह्या बोटभर लांब होत्या, हे टाचणीबाईंना आधी दिसलं आणि स्वतःचाच राग आला. लेक आली नव्हती. "मला नाही मोजायचं काही," एवढंच सकाळी म्हणाली होती.

तो बायकोकडे बघून ओशाळं हसला, पण डोळे पुढे सरकले ते गाडीवर जाऊन थांबले. "आयला! काय चकाकतेय!"

टाचणीबाई ओठांत चार टाचण्या तशाच धरून स्टुलावरून उठल्या. मिस्त्री पुढे होऊ लागला तसा त्यांनी हात केला. पाय किकवर ठेवला आणि सगळं अंग टाकलं.

एकाच किकमध्ये.

आवाजाने पत्रा थरथरला. नवऱ्याचं हसू तिथल्या तिथे राहिलं. त्याचा डावा हात आपोआप उठून झाकणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. टाचणीबाई त्या हाताकडे बघत होत्या. मिस्त्रीही बघत होता.

"झाकण बघा ना, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्याला राहवलं नाही. "डावीकडचं. नीट बसलंय की नाही?"

हात मागे गेला. खिशात गेला.

"हो, हो. झकास बसलंय," तो म्हणाला.

टाचणीबाई थांबल्या. इंजिन एकसुरात चाललं होतं. एक टाका सुटत नव्हता. मिस्त्री फडक्याने आधीच पुसलेले हात पुसत राहिला. सांग की, असं बाईंचा सगळा चेहरा म्हणत होता. अजून सांग.

त्याने टाकीवरून हात फिरवला, घसा खाकरला. "मला वाटलं होतं, जाम झाली असेल. इतकी वर्षं. कोण बघतंय असल्या गोष्टी." आणि मग खरंच नवल वाटल्यासारखं, जवळजवळ कौतुकाने तो बायकोकडे वळला. "तू काय... खरंच किका मारत होतीस की काय? दर रविवारी?"

टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. त्याला वाटलं, आता बोलणार, म्हणून तो जरा पुढे झुकला. त्यांनी चारही टाचण्या एकेक करून मनगटाला बांधलेल्या टाचण्यांच्या गादीत खोचल्या. पिशवीतून धुऊन इस्त्री केलेला पिवळा तुकडा काढला, सीटवर ठेवला. पिशवी खांद्याला लावली, स्टूल उचललं.

"अगं, विचारतोय मी तुला!"

दारातून बाहेर पडताना स्टुलाचा पाय चौकटीला अडला. त्यांनी ते आडवं केलं आणि गेल्या.