प्रभुभोजनाची पोळी

ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी पोळी भाजायला घेतली, की तो खरपूस वास मला घोडेगावला, सासरच्या स्वयंपाकघरात नेतो. लग्नानंतरचा माझा पहिलाच उपास होता. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या पाणी आणायला गेल्या आणि चर्चसाठी भाजलेली पोळी मी अर्धी खाऊन बसले. त्या परतल्या तेव्हा मी रडत होते.

"येशूनं चाळीस दिवस उपास काढला, दगडांच्या भाकरी कर म्हणणाऱ्या सैतानाला दाद दिली नाही. आणि मी..."

"अगं, त्यालाबी लई भूक लागली व्हती. निस्ता देव असता तर लागली असती व्हय?"

त्यांनी नवी पोळी लाटली. मग उरलेली अर्धी घेऊन माझ्याशेजारी बसल्या आणि आयुष्यात कधी न मोडलेला उपास त्यांनी मोडला.

येशूच्या रूपानं देव माणूस का झाला, हे मला त्यानंतर कुणाला विचारावं लागलं नाही.