आंब्याला शेंडेमर आणि अण्णांची बाज

भूकंपानंतर सगळं लातूर अंगणात निजायला आलं आणि थंडी पडल्यावर एकेक घर गुमान आत गेलं. माझे वडील, आमचे अण्णा, तेवढे गेले नाहीत. आमच्या घराला साधा तडाही गेला नव्हता. हे माझी आई, म्हणजे आमची अव्वा, त्यांना सांगून सांगून थकली. अण्णांचं उत्तर एकच.

"स्लॅबचा भरोसा न्हाई. झाड हलतंय, पर अंगावर येत न्हाई."

झाड म्हणजे अंगणातला केशर आंबा. त्याच्याखाली अण्णांची बाज, बाजेवर मच्छरदाणी आणि उशाशी पाण्याचा तांब्या. त्या पहाटे अव्वाला, मला आणि स्वतःला त्यांनी या झाडाखाली आणून उभं केलं होतं आणि आपण वाचलो ते झाडामुळेच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. घर पडलंच नव्हतं, तेव्हा आम्ही आत राहिलो असतो तरी वाचलोच असतो. पण हा मुद्दा मी एकदा काढला आणि दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

अण्णांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे घरात तारेला तोटा नव्हता. पावसाळ्याआधी ते आंब्याच्या दोन मोठ्या फांद्यांना तार आवळून वर ताडपत्री ताणायचे. जुनी तार सोडायची रीत नव्हती. ती ढिली वाटली की तिच्यावर नवी. पक्कडीनं शेवटचा पीळ देताना त्यांच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न उरकल्याचं समाधान असायचं, आणि लेक तर मी तिथंच बिनलग्नाची उभी असायचे.

पुढं लातूरला शिकवण्यांचं वारं आलं. मुखेड, उमरी, भोकर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायला लागली. प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीत ज्याला दोन खोल्या होत्या त्यानं एक भाड्यानं दिली. अव्वानंही वरच्या खोल्या मुलींना द्यायच्या ठरवल्या आणि तिथून आमच्या घरात खरा भूकंप सुरू झाला.

संक्रांतीच्या सुमाराला मुखेडचे एक गृहस्थ लेकीची खोली बदलायची म्हणून आले. खोली पसंत पडली, नळ पसंत पडला. जाताना त्यांची नजर बाजेवर गेली.

"इथं कोन निजतंय?"

"मी. मालक हाय घराचा," अण्णा म्हणाले.

"मग घरात काहून न्हाई?"

अण्णा जन्मात खोटं बोलले नाहीत, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. "स्लॅबचं सांगता येत न्हाई," ते म्हणाले.

गृहस्थांनी खाली ठेवलेली ट्रंक पुन्हा उचलली. अव्वा आतून पळत आली. "अवो, त्यांना उकाडा सोसत न्हाई!" तेव्हा अण्णांच्या डोक्यावर कानटोपी होती आणि अंगावर घोंगडी. मी हसू दाबायला मोरीत गेले. तरी ती मुलगी राहिली, कारण क्लास जवळ होता. लातुरात तेव्हा क्लास जवळ असला की भिंतीचंही कुणी काही विचारत नसे.

मग एका वर्षी आंबा शेंड्याकडून वाळायला लागला. पानं तपकिरी होऊन वर वळायची आणि गळायचीही नाहीत, तशीच लटकून राहायची. आधी टोकाच्या काड्या गेल्या, मग बोटभर जाडीच्या डहाळ्या, मग हाताएवढ्या. साल काळी पडून जागोजाग फुटली आणि तिच्यातून डिंक गळायला लागला. अण्णांनी दुकानाकडं लक्ष देणं सोडलं आणि झाडाकडं बघत बसले.

वरच्या मुली खाली आल्या. त्या सगळ्या उद्याच्या डॉक्टर, आणि हा त्यांचा पहिला रुग्ण. एकीनं सालीला हात लावून ताप बघितला. दुसरी म्हणाली, रक्त कमी आहे. तिच्या सल्ल्यानं अण्णांनी दुकानातले गंजके खिळे बुडाशी पुरले. मुखेडची मुलगी सगळ्यांत हुशार, तिच्यावर अण्णांचा विश्वास.

"पोरी, तू सांग. काय झालं आसंल?"

ती झाडाभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "काका, ऑप्शन काय काय हायेत?"

चार पर्याय दिल्याशिवाय त्या पोरींना काही सांगताच येत नव्हतं. शेवटी अव्वा चिडून बाहेर पडली आणि शेतकी कॉलेजात झाडांचे रोग शिकवणाऱ्या एका सरांना घेऊनच आली. त्यांनी चाकूनं साल खरवडली. आतलं लाकूड तपकिरी पडलं होतं. तो डाग धरून ते खाली खाली गेले आणि तारेपाशी थांबले. तार सालीत पार रुतून बसली होती.

"ही शेंडेमर," ते म्हणाले. "बुरशी आहे. झाडाला इथं काचलं, जखम झाली, तिथून ती आत शिरली. या दोन्ही फांद्या हिरवं लाकूड लागेपर्यंत कापा. जखमा खरवडून मोरचूद-चुन्याची पेस्ट लावा. झाड वाचेल. नाही कापल्या तर बुरशी खोडात उतरेल."

अण्णा म्हणाले, "फांद्या ठेवून इलाज न्हाई का?"

"नाही."

सर गेले. अण्णांचा चेहरा उतरला. त्या दोन फांद्या गेल्या की सावली गेली, ताडपत्री गेली. बोडक्या खोडाखाली माणूस पावसाळा काढणार कसा? झाड वाचवायचं म्हणजे घरात जायचं. मग त्यांनी आठवडाभर चालढकल केली. नुसती पेस्ट लावून बघितली. तार काढली आणि त्या जागी सुतळी बांधली. उभं राहून झाडाची समजूत काढताना तर मीच त्यांना पाहिलं. मला दया यायची आणि संतापही यायचा. घरच्या छताखाली यायला एवढी मिनतवारी कसली?

शेवटी अव्वानंच निकाल लावला. "झाड मेलं तरी आत यावं लागतंय, वाचवायचं म्हटलं तरी आत यावं लागतंय. मग नुस्तं काय बघून राह्यलात? वाचवा की त्याला!"

फांद्या अण्णांनी स्वतः कापल्या. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून, मग एकत्र घोटून निळी पेस्ट केली आणि प्रत्येक जखमेवर ती लावली, अगदी हळू हातानं. आंबा ओळखू येत नव्हता. दिवेलागणीला मी आणि अण्णांनी बाज उचलली आणि इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडून आत आणली.

बाहेरच्या खोलीत दाराला लागूनच अव्वाची बाज होती, दिवसा भिंतीला उभी असायची ती रात्रीपुरती टाकलेली. अण्णा तिथंच थबकले.

"ही हिथं कशाला? वाटंत?"

"मी हिथंच निजते," अव्वा म्हणाली. "कडी बी लावत न्हाई. काय झालंच तर पोरींना हाळी मारून झटक्यात बाहेर काढता यावं."

"तुला भ्या वाटायचं?"

"मग काय न्हाई? लई वाटायचं. तुमी बाहेर जाऊन निजलात. आत ही आपली पोर, वर लोकांच्या लेकी. कुणीतरी आत पाह्यजे होतं की."

मी तिच्याच पलीकडच्या खोलीत इतकी वर्षं घोरत होते आणि ती दाराशी वाऱ्यासाठी निजते असं समजत होते. अण्णांनी एकदा वर स्लॅबकडं पाहिलं. मग बाजेचं आपल्याकडचं टोक उचललं आणि मला दुसरं टोक धरायची खूण केली. बाज आम्ही तिच्या बाजेपलीकडं नेली, पार आतल्या भिंतीला, दारापासून सगळ्यांत लांब.

"तू दाराकडं ऱ्हा," ते अव्वाला म्हणाले. "आत मी निजतो."