एका मशीनवर दोन माणसं

माझे सासरे काळुराम म्हणजे तोंडाला कुलूप. कासूकडच्या खाडीकाठी आमचं घर, आणि त्यांचा सगळा जन्म गेला मिठागरात. पायांना भेगा पडल्या, डोळे चुरचुरले, तरी 'दुखतंय' म्हणून कधी बोलले नायत. जीव मात्र सगळा बायकोत. ठमाबाईने, म्हणजे माझ्या सासूने, भाकरी खाल्ली का ते विचारल्याशिवाय ताटावर बसायचे नायत.

आईंना बीपी निघालं, तेव्हा रोह्याच्या डॉक्टर ऋतुजा मॅडमनी दंडाला बांधायचं मशीन घरी दिलं. मोजलं की आकडा फोनवरून थेट मॅडमकडे जायचा आणि त्या तिकडूनच गोळी कमी-जास्त करायच्या. म्हणून फोन कायम मशीनशेजारीच ठेवलेला. रोह्याच्या खेपा वाचल्या, मला बरंच वाटलं.

पण आकडा काय उतरेना. दुपारी मी मोजलं की ठीक, पण पहाटेचा मॅडमकडे जायचा तो एकशे नव्वदच्या घरात; मला वाटायचं, पहाटे आईच उठून मोजतात. मॅडमनी गोळी वाढवली, परत वाढवली. मी आईंचं लोणचं बंद केलं, सुकट बंद केली, चोरून खाता काय म्हणून त्यांच्यावर करवादलेसुद्धा. बिचारी रडली.

काल सकाळी त्या चुलीपुढून उठल्या आणि धाडकन पडल्या. अंग गार, घामाने ओलंचिंब. मशीन बांधलं तर वरचा आकडा पंच्याऐंशी! मॅडमना व्हिडिओ लावला. त्यांनी पाय उंच ठेवायला सांगितलं, गोळी थांबवली, गाडी पाठवते म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "आज पहाटे तर एकशे अठ्ठ्याण्णव आलंय. तेव्हा कोणी मोजलं?"

पहाटे आई माझ्या बाजूला झोपलेल्या. माझा नवरा मिथुन कंपनीत, रात्रपाळीला. मग राहिलं कोण?

शेजारच्या नूतनकाकींना आईंजवळ बसवलं आणि फोन तसाच चालू ठेवून मिठागराकडे धावत सुटले. चप्पल कुठे राहिली कळलं नाय. मिठावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं, बांध संपता संपेना. देवा, उभे दिसू देत, एवढंच म्हणत होते.

बाबा बांधावर बसलेले दिसले. जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला. "पहाटे मशीन तुम्ही लावता? लपवलंत कशाला?"

मान खाली घालून म्हणाले, "डोका ठणकतं गो, म्हणून बघायचो. मशीन एकच हाय. माझा आकडा सांगितला आसता तर मशीन माझ्या नावावर केला आसता. मंग तिला कोन बघनार?"

यांना आता काय सांगू? यांचा आकडा तिच्या नावावर जात होता आणि यांच्या वाट्याची गोळी ती गिळत होती. ती पडली, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधून मॅडम म्हणाल्या, आधी त्यांना दोन्ही हात वर करायला सांग.

उजवा हात वर गेला. डावा मांडीवरच राहिला. बाबांनी उजव्या हाताने तो उचलला, वर धरून सोडला. परत खाली पडला. मॅडमचा आवाज बदलला. दुसरी गाडी बांधावर पाठवते, त्यांना पाणीसुद्धा देऊ नकोस, म्हणाल्या. मी बाबांना छातीशी घट्ट धरून बसले.

"तिला सांगू नको," बाबा म्हणाले. मग तिचं नाव घ्यायला गेले, पण ते काय त्यांच्या जिभेवर येईना.