जात्यात गेलेली हळद

सन एकोणीसशे सेहेचाळीस. मला सतरावं चालू होतं. शाळा चौथीत सुटली, लिहिण्यात चुका निघतील... निघू द्या. हकीकत खरी आहे. भुताखेताचं बोलणाऱ्याला मी आजही ओट्यावर टेकू देत नाही. पण नातू म्हणतात, आजोबा, तुम्ही लहान होता, भास झाला असेल. नांगर धरत होतो मी त्या वयात, म्हणे लहान! त्या रागानंच लिहायला बसलोय.

गाव कर्जतपासून तीन कोसांवर. घर धाब्याचं, पुढं पडवी, पडवीच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीत रोवलेलं मोठं जातं. चार बायका गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच जागा. पण गल्लीतल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं, की तिची हळद तिथंच दळायची. आमची आई खुंट्याला हळकुंड बांधायची आणि शेजारची हलीमाबी तिच्यासमोर बसायची. रोजचं दळणही त्या दोघी मिळूनच ओढायच्या. आज हिचं, उद्या तिचं. त्या घरघरीत मी वाढलो.

वडील तापानं गेले. त्याला दोन वर्षं झाली आणि माझ्या बहिणीचं, इंदूचं लग्न ठरलं. आईची एकुलती एक लेक. आईनं तिच्यासाठी हळकुंडं निवडून, कुटून ठेवली होती.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा दुपारी बायका जमल्या. आईनं सूप उचललं. तेवढ्यात माझे चुलते — आम्ही आबा म्हणायचो — खांबाला टेकून मला म्हणाले, "बापू, घरचा कर्ता आता तू हायेस. तूच सांग तिला. रंडक्या बाईचा हात हळदीला लागतो व्हय?"

कर्ता म्हटल्यावर माझी छाती फुगली. आबांचा राग आहेच मला, अजून आहे, पण त्याहून जास्त राग त्या सतराव्या वर्षातल्या गाढवाचा येतो. सगळ्यांदेखत म्हणालो, "आई, तू गोठ्यात बस जा."

तिनं सूप खाली ठेवलं. एक तुकडा सांडू दिला नाही. गेली.

हलीमाबी पदर खोचत उठली. "सबंध गल्लीच्या पोरींची हळद जिनं दळली तिला गोठा दावता? ती न्हाई तर म्या बी न्हाई. दळा आता शानी मानसं!"

"जा जा, तुझ्याबिगर काय अडतंय," चुलती म्हणाली, आणि दुसरीला समोर घेऊन तिनं खुंटा धरला.

जातं फिरलं. अडकलं नाही, जड गेलं नाही. घास पडत होते, दगड घरघरत होता, बायका गात होत्या. सूप निम्मं झालं तरी खालच्या कापडावर हळद नाही. कणभर नाही. चुलती म्हणाली, "भरत असंल जातं." सूप रिकामं झालं. कापड तसंच, धुतल्यासारखं. गाणं थांबलं.

मी आणि आबांनी वरची पाळ उचलली. आत काही नाही... दोन्ही दगड कोरडे. कुठं पिवळा डागसुद्धा नव्हता. मी बोट फिरवून वास घेतला. नुसता दगडाचा वास. जातं रोवलेलं, खाली भुई ठोकून घट्ट. तरी आबांनी पहारीनं कडेची माती उकरली. माती निघाली, माती.

"तुझ्या आयशीनं केलंय ह्ये," आबा माझ्यावर धावले. "बसल्या जागी करणी केली. जातं उपट आन् टाक वढ्यात. पाटलाच्या घरून आनू हळद."

इंदू उंबऱ्यात आली. आजवर आबांपुढं तिनं मान वर केली नव्हती. म्हणाली, "दुसऱ्या घरची हळद मी अंगाला लावून घ्यायची न्हाई. लगीन मोडलं तरी चालंल."

मी गोठ्यात गेलो. आई गव्हाणीतला चारा सारखा करत होती. सगळं सांगितलं. विचारलं, "आई, हळद कुठं गेली गं?"

"मला काय म्हाईत? म्या हितं हाय. तूच धाडलंस ना?"

मग ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "चार मानसांत उठवलंस मला. आता बसवायचं का न्हाई, तुझं तू बघ."

पुढं कितीजणांना विचारलं. जात्याला टाकी लावणारा वडार म्हणाला, असं होतच नाही. एक मास्तर म्हणाले, बायकांनीच लपवली असेल. सूपभर हळद, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लपवली! त्या मास्तरांशी मी परत बोललो नाही. त्याच जात्यावर नंतर जेवढं घातलं तेवढं पडलं. त्या दुपारची हळद कुठं गेली ते मला आजही सांगता येत नाही. ज्याला सांगता येईल त्यानं सांगावं, पण भास म्हणू नये.

हळद गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळ बसवली, खुंटा ठोकला. हलीमाबीला हाक मारली, घरातली उरलेली हळकुंडं कुटून घास टाकायला तिच्या पुढ्यात ठेवली. मग गोठ्यातून आईचा हात धरून आणलं आणि गल्ली बघत असताना जात्यापाशी बसवलं. चुलती पुढं येईना, दुसरी कुणी आबांच्या धाकानं समोर बसेना. तेव्हा डोक्याचा पटका काढून ठेवला आणि मीच मांडी घालून आईसमोर बसलो. खुंट्यावर तिच्या हाताखाली हात धरला. आमच्याकडं गडीमाणूस जात्याला बसत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"बायल्या!" आबा ओरडले.

"व्हय," मी म्हणालो. "हलीमाबी, टाका घास."